रुमालाखालचा पियानो

मला फक्त एक आरामखुर्ची हवी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे दारव्ह्यात माझ्याविषयी जे जे बोललं गेलं त्यात या खुर्चीचा उल्लेख कोणीच केला नाही. दिवसभर पोरांना महाराष्ट्रातल्या नद्या आणि त्यांच्या उपनद्या पाठ करायला लावून संध्याकाळी घरी आलेल्या मास्तराला पाय लांब करून बसावंसं वाटणं, हा काही गुन्हा नाही.

बोरी अरबच्या एका जुन्या जीनमधला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातला, साहेबाचा बंगला रिकामा होत होता. साहेब केव्हाच विलायतेला निघून गेला होता, नव्या मालकाला तिथे सरकी भरायची होती, म्हणून सामानाचा लिलाव ठेवला होता. लिलाव करायला नासिरभाई होते. नासिरभाई कापसाचे दलाल, आणि सौदा करायची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती. हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची, आणि भाव तोंडानं न बोलता बोटं दाबून ठरवायचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. दाबलेलं बोट दहाचं की शंभराचं, हे मालावरून समजून घ्यायचं असतं. रुमाल उचलला की सौदा पक्का, मग ब्रह्मदेव आला तरी तो मोडत नाही.

मी बाजारगावात वाढलेला माणूस. रुमालाची भाषा मला येते असा माझा समज होता. नासिरभाईंनी माझा हात धरला तेव्हा मी समोरच्या वेताच्या खुर्चीकडे पाहत होतो आणि नासिरभाई खुर्चीमागच्या, चादरीनं झाकलेल्या काळ्या कपाटाकडे पाहत होते. मी खुर्चीच्या हिशेबानं बोटं दाबली. त्यांनी ती कपाटाच्या हिशेबानं मोजली. रुमाल उचलताना त्यांनी माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं. भूगोलाच्या मास्तराकडे दलाल आदरानं पाहतो म्हणजे काहीतरी चुकलं आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

मी खुर्चीकडे गेलो तर तिच्यात मारोतराव बसलेले. मारोतराव म्हणजे आमचे समोरचे शेजारी. कापसाची आणि तुरीची वावरं पुष्कळ, पण सल्ल्याचं पीक बारमाही. ते म्हणाले, "खुर्ची मी घेतली मास्तर. तुमी काय घेतलं?"

नासिरभाईंनी चादर ओढली. खाली पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांची रांग निघाली. आजूबाजूला माझ्या विद्यार्थ्यांचे बाप उभे होते. मास्तराची बोटं चुकली हे त्यांच्यासमोर कबूल करण्यापेक्षा मी छाती काढून सांगितलं की हेच घ्यायला आलो होतो, पियानो शिकायची इच्छा फार दिवसांची आहे. पैशांची सोय कशी केली ते इथे लिहीत नाही, कारण ही कथा बायको वाचणार आहे.

पियानो बंडीवर चढवून दारव्ह्याला आणला तो जकात नाक्यावर अडला. साल छप्पन्नचं. आम्ही नुकतेच मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसलो होतो. म्हणजे आम्ही जागचे हललो नव्हतो, कागद हलले होते. नाक्यावरच्या कारकुनाचं म्हणणं असं पडलं की जकातीचा जुना तक्ता आता चालत नाही आणि नवा अजून पोचला नाही, तेव्हा दोन राज्यांच्या मध्ये सापडलेल्या या वस्तूला काय म्हणावं हे त्याचं त्यालाच ठरवावं लागेल. त्यानं एक पट्टी दाबून पाहिली, आवाज झाल्यावर दोन पावलं मागे सरला आणि ही वस्तू काय करते असं विचारलं. वाजते, असं मी म्हणालो. आणखी काय करते? आणखी काही नाही. मग खाली हे पायटे कशाला? पायटे का आहेत हे मलाही माहीत नव्हतं. शेवटी त्यानं पियानोची नोंद 'पायानं चालणारी यंत्रे (सुईविना)' अशी केली. तेव्हापासून नगरपालिकेचा एक माणूस मधूनमधून घरी येऊन मी या यंत्रावर कोणता माल काढतो याची चौकशी करू लागला. तो बिचारा सभ्य होता. चहा घेऊन, 'अद्याप उत्पादन नाही' असं लिहून जायचा.

दार अरुंद निघालं. मारोतरावांनी आपली खुर्ची ओसरीत आणून मांडली आणि तिच्यातून मार्गदर्शन सुरू केलं. आधी त्यांनी पियानो आडवा करायला सांगितला, मग उभा, मग त्याचे दोन तुकडे करून आत नेऊन पुन्हा जोडायला. त्यांच्या पत्नी शकुबाईंचं मत पडलं की एवढं धूड गोठ्यातच बरं, तिथे निदान जनावरांना सोबत होईल. अखेर चौकट काढावी लागली आणि तिच्याबरोबर भिंतीचा एक कोपरा स्वखुशीनं निघून आला. आमच्या वच्छलाबाईंनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, हा सगळा प्रकार डोक्यावरचा पदर सावरत पाहिला आणि एवढंच विचारलं, "अजी, आत तं आलं. पन हे इथून जाईन कसं?"

तुरीच्या कणग्या बाहेर पडवीत गेल्या आणि पियानो आत बसला. गल्ली जमली. मी बाह्या सारून दहा पट्ट्या दाबल्या. त्यातल्या चार बोलल्या, दोन खोकल्या, बाकीच्यांनी मौन पाळलं आणि एका पट्टीमागून उंदीर बाहेर आला. कापसाच्या मुलखातले उंदीर घर बांधताना मऊ मालाची निवड फार चोखंदळपणे करतात. पियानोच्या आत तारांवर आपटणाऱ्या लाकडी हातोड्या असतात आणि त्यांच्या तोंडाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, टोपी असते, हे मला त्या दिवशी कळलं, कारण बहुतेक टोप्या उंदरांनी नेल्या होत्या.

जीनमधला फिटर मन्सूर मिस्त्री याला बोलावलं. मन्सूर म्हणजे कामापेक्षा बोलण्यात मोठा. आपण इंजिन डोळे मिटून खोलतो, ही पेटी ती काय, असं म्हणत त्यानं पियानोचा पुढचा पाटा काढला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून आत पाहत बसला. मग त्यानं हातोड्यांना कापूस गुंडाळला. आवाज असा झाला की कोणीतरी दुलईत तोंड खुपसून बोलतं आहे. मारोतरावांना तो फार पसंत पडला, कारण त्यांच्या ओसरीपर्यंत तो पोचतच नव्हता. मग मन्सूरनं जीनच्या रोलरवर चढवतात त्या चामड्याच्या चकत्या कातरून हातोड्यांना डकवल्या. चामडं कोणत्या जनावराचं हे वच्छलानं विचारलं नाही आणि मलाही विचारू दिलं नाही. आता आवाज एवढा खणखणीत निघाला की गल्लीतले बैल उठून उभे राहिले. त्याच भरात मन्सूरनं तारांच्या खुंट्याही आपल्या मनानं पिळल्या. परिणामी पियानोतल्या प्रत्येक सुराचं स्वतंत्र मत तयार झालं.

हा आवाज मागच्या गल्लीत नासिरभाईंच्या घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी नासिरभाई आपल्या भाचीला घेऊन आले.

रशीदा विशीतली मुलगी. लहानपणी देवीच्या आजारात तिचे डोळे गेले. मामा कापसाच्या सौद्यांसाठी मुंबईला जायचे, त्यांनी तिला तिथल्या एका अंधशाळेत घातलं. तिथे ती पियानो शिकली. शिक्षण संपल्यावर आई हुस्नाबीकडे परत आली, आणि साऱ्या तालुक्यात पियानो नाही म्हणून तेव्हापासून लाकडी फळीवर पट्ट्या ठोकून घेऊन त्यांच्यावर बोटं फिरवत होती. फळी वाजत नाही. पण सूर आतल्या आत ऐकू येतात, असं ती म्हणायची. मला हे पटायचं नाही आणि सारखं विचारावंसंही वाटायचं.

ती आत आली, पियानोच्या एका टोकाला तळहात ठेवला आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. मग एक पट्टी दाबली आणि दात आंबल्यासारखं तोंड केलं. "कोनं मारलं याले?" तिनं विचारलं.

पुढचे काही दिवस आमच्या घरी जे चाललं त्याला सूर लावणं म्हणतात. रशीदा पट्टीवर बोट ठेवून बसायची, मन्सूर भट्टीत स्वतः घडवलेला चौकोनी तोंडाचा पाना घेऊन खुंटीवर. ती म्हणायची थोडं वर, आता मागं, बस. मन्सूरला प्रत्येक वेळी वाटायचं की आणखी थोडं पिळायला हवं, कारण ढिला नट त्याला सहन होत नाही. एका तारेवर त्यानं आपलंच म्हणणं खरं केलं आणि ती तुटून त्याच्या मिशीला चाटून गेली. तेव्हापासून तो मुकाट्यानं ऐकू लागला, निदान रशीदा घरात असेपर्यंत.

आणि मग ती वाजवायला बसली. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, मला त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की दोन हात दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते आणि त्या एकमेकींत कुठेही अडखळत नव्हत्या. वच्छला पीठ मळायची थांबून पिठाच्या हातानं दारात उभी राहिली. समोरून सल्ला आला नाही. मला फार आनंद झाला आणि लगेच हेवाही वाटला, आणि दोन्ही एकदम वाटणं मला नवीन होतं.

नासिरभाईंनी मग खरी गोष्ट सांगितली. नागपूरकडे एका अंधशाळेत संगीत शिकवणारी व्यक्ती नेमायची होती. रशीदानं अर्ज केला होता, पावसाळ्यात परीक्षा होणार होती. इकडे हुस्नाबीकडे मारेगावच्या एका बिजवराचा निरोप आला होता. माणूस दुकानदार, पोरंबाळं असलेला. नोकरी लागली तर ठीक, नाही तर या दिवाळीत निकाह, असं तिनं मुलीला बजावलं होतं.

रशीदा म्हणाली, "मारेगावच्या मानसाले मी नावं ठेवत नाही, सर. पन त्याच्या घरी मी रोट्याच करीन. मले शिकवता येते."

नासिरभाईंनी सुचवलं की ती रोज इथे येऊन हात चालता ठेवील आणि मोबदल्यात मला शिकवील. मीच नाही का म्हणालो होतो की शिकायला घेतला आहे? मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. लिलावाच्या दिवशी त्यांचं खरंच चुकलं, की स्वतःच्या बोळात न मावणारा पियानो त्यांनी माझ्या घरात आणून ठेवला, हा संशय मला तेव्हा पहिल्यांदा आला. मी तसं विचारलंही. नासिरभाई म्हणाले, "मास्तर, रुमालाच्या आत झालं ते रुमालाच्या आत." यापलीकडे आजवर त्यांच्याकडून काही निघालेलं नाही.

अशा रीतीनं वयाच्या चाळिशीत मी विद्यार्थी झालो. वर्गात मी सौम्य शिक्षक म्हणून प्रसिद्ध आहे. रशीदा नव्हती. माझीच फूटपट्टी तिनं मागून घेतली आणि माझं बोट चुकलं की ती नेमकी त्याच बोटावर यायची. तिला दिसत नसताना कोणतं बोट चुकलं हे कसं समजतं, हे कुतूहल मला त्या वेदनेतही आवरत नसे. ती म्हणायची की करंगळीचा सूर आणि अंगठ्याचा सूर सारखा नसतो, करंगळी भीत भीत येते.

पहिल्याच आठवड्यात तिनं माझा रोग ओळखला. "तुमी डोयानं वाजवून राह्यले, सर. पट्टी पाह्यता, मंग बोट ठेवता. दारव्ह्याच्या गल्लीत तुमी पाय पाहू पाहू चालता काय?" आणि तिनं मामांचा रुमाल मागवून माझ्या हातांवर टाकला. समोरच्या ओसरीतून मारोतराव ओरडले, "मास्तर, आता काय घेतलं?"

रुमालाखाली मी चाचपडू लागलो. काळ्या पट्ट्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या जोड्यांनी उभ्या असतात, त्या खुणेवरून घर सापडतं. मला सापडायचं ते नेहमी शेजाऱ्याचं घर. पण रोज चाचपडून मला शोध लागला की न पाहता केलेली चूक पाहून केलेल्या चुकीपेक्षा लवकर सुधारते. मी तो शिक्षकांच्या खोलीत मांडला. कोणी दखल घेतली नाही.

रशीदाकडे जाड कागदाचे गठ्ठे होते आणि त्यांवर नुसती उठावाची टिंबं. हेच संगीत, असं ती म्हणाली. डावा हात टिंबांवर फिरवत ती उजव्या हातानं वाजवायची, मग हात बदलून डाव्याचा भाग, आणि दोन्ही पाठ झाले की कागद बाजूला. म्हणजे प्रत्यक्ष वाजवताना तिच्यासमोर काहीच नसायचं. तिचं लिहिणंही मी तासन्‌तास पाहिलं. कागद पाटीत अडकवून मागून टोच्यानं टिंबं पाडायची, उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचायचं मात्र मराठीसारखं डावीकडून. मीही वाचायचा प्रयत्न केला. मला सगळा कागद पुरळ उठल्यासारखा लागला. वच्छलानं मात्र सहज हात फिरवला आणि थोड्याच दिवसांत अक्षरं ओळखू लागली, कारण तुरीच्या डाळीतले खडे ती न पाहता वेचते. पुढे पुढे त्या दोघी माझ्यासमोर टिंबांच्या चिठ्ठ्या देऊ-घेऊ लागल्या आणि वाचून हसू लागल्या. त्यात माझ्याविषयी काय असायचं हे मला कोणी सांगितलं नाही.

एवढ्या मेहनतीतून मला एक धडा आला. लहान मुलांना देतात तो, अगदी पहिल्या पुस्तकातला. पण संध्याकाळी दूरच्या गल्लीतून जाणाऱ्या लोकांना रशीदाचं वाजवणं ऐकू यायचं, ते म्हणायचे की मास्तरांचा हात काय बसला आहे, आणि मी अशा वेळी पानाचा डबा उघडत असे. आमच्या हेडमास्तरांनीही एकदा रस्त्यात थांबवून माझं अभिनंदन केलं. मी विनयानं मान खाली घातली. ती मान वर करून खरं सांगणं तेव्हा जमलं नाही.

उन्हाळा तापला तशा पियानोच्या लाकडाला भेगा पडू लागल्या. शकुबाईंच्या सल्ल्यानं मी वाळ्याच्या ताट्या लावल्या, मारोतरावांच्या सल्ल्यानं आत पाण्याचा माठ ठेवला, आणि मन्सूरचा पाना पडून तो माठ फुटला. पाणी शिरून पट्ट्या फुगून बसल्या. रशीदानं त्या दिवशी फूटपट्टी वापरली नाही, आणि मला ते जास्त लागलं. मन्सूरनं पट्ट्या एकेक काढून सुकवल्या आणि पुन्हा बसवल्या.

आणि मग त्या अंधशाळेचं पत्र आलं. शिक्षिकेची जागा मंजूर झाली होती, पण पियानो मंजूर व्हायचा होता, आणि पियानोशिवाय पियानोची परीक्षा घेता येत नाही, सबब उमेदवारांनी पुढच्या वर्षापर्यंत थांबावं. रशीदानं मला ते दोनदा वाचायला लावलं. हुस्नाबी थांबणार नव्हती. मारेगावहून साखरपुड्याचं बोलणं सुरूही झालं होतं. मला त्या कागदाचा असा राग आला की मी त्याच रात्री शाळेला इंग्रजीत लिहिलं. पियानो नसेल तर पियानोकडे या, दारव्ह्यास आमच्या घरी तो तयार आहे, चहा-फराळाची व्यवस्था होईल. इंग्रजीतल्या पत्राला उत्तर येतंच. शाळेचे परीक्षक हरिसिंग गुरुजी यवतमाळच्या दुपारच्या बसनं येतील, असं कळवलं गेलं.

ते आले सकाळच्या बसनं.

त्या दिवशी मी लवकर उठून, मन शांत करावं म्हणून, माझा धडा घेऊन बसलो होतो. रशीदा दुपारी येणार होती. शिकवल्याप्रमाणे मी मान सरळ ठेवून डोळे मिटले होते, त्यामुळे दारात काय घडलं ते मला वच्छलाकडूनच कळलं. हरिसिंग गुरुजी पुसदकडच्या तांड्यातले, जन्मांध, धोतर आणि वर काळा कोट. बसच्या थांब्यावरून त्यांना घेऊन आले मारोतराव, वाटेत हेडमास्तर भेटले तेही बरोबर, आणि मागून निम्मी गल्ली. गुरुजींनी दारातच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ऐकत उभे राहिले.

माझा धडा संपला. मागून कोणीतरी कुजबुजलं, "पुन्हा."

आंधळ्या गुरूची आज्ञा पाळायची मला इतकी सवय झाली होती की मी वळूनही पाहिलं नाही. पुन्हा वाजवला. मागे टक्‌ टक्‌ असा टोच्याचा आवाज सुरू झाला. मला वाटलं, रशीदाच आज लवकर आली. स्वयंपाकघराच्या दारातून वच्छला हातवारे करत होती, पण डोळे मिटलेल्या माणसाला हातवारे काय कामाचे.

"रशीदाबी," एक म्हातारा आवाज म्हणाला, "तुमचा डावा हात मांगं राह्यते. आन्‌ तालाचं तं बोलूच नोका. अशा हातावर मी मानूस कसा घेऊ?"

मी डोळे उघडून वळलो. काळा चष्मा लावलेले म्हातारे गुरुजी पाटीवर टिंबं पाडत होते आणि ती टिंबं रशीदाच्या नावावर पडत होती. त्यांच्यामागे हेडमास्तर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मोठा गोंधळ होता, कारण हेच मास्तरांचं सुप्रसिद्ध वादन का, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत होता. गप्प राहिलो असतो तर निदान त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलं नसतं. पण टोच्या चालूच होता.

"गुरुजी, ती टिंबं खोडा," मी म्हणालो. "हे मी वाजवलं. तिचा हात असा नाही. लोकांनी गल्लीतून जे ऐकलं ते सगळं तिचं. मला एवढा एकच धडा येतो."

टोच्या थांबला. "तुमी कोन?"

"तिचा विद्यार्थी."

गुरुजींनी पाटी मांडीवर ठेवली आणि मी किती दिवसांपासून शिकतो असं विचारलं. हिवाळ्यापासून, असं मी सांगितलं. त्याआधी काय येत होतं? संगीताची थोडी आवड होती, असं मी म्हणत होतो, तेवढ्यात मारोतरावांनी ताबा घेतला. त्यांनी शपथेवर सांगितलं की आरतीत मास्तरांच्या टाळ्यांमुळे बाकीच्यांचा ताल जातो, म्हणून गेली कित्येक वर्षं गणपतीत त्यांच्या हातात मुद्दाम ताट देतात. शकुबाईंनी दुजोरा दिला. हेडमास्तर सत्यप्रिय गृहस्थ. ते म्हणाले की शाळेच्या प्रार्थनेत मी नुसते ओठ हलवावेत, अशी तोंडी सूचना त्यांना करावी लागली होती. कोणीतरी वच्छलालाही विचारलं. तिनं पदर तोंडाला लावून सांगितलं की तिच्या बहिणीच्या बाळाला मी एकदा अंगाई म्हटली तेव्हा बाळ उठून बसलं होतं. सगळी गल्ली पुढे सरून माझ्याविरुद्ध साक्ष देत होती, आणि प्रत्येक साक्षीबरोबर गुरुजींचा चेहरा खुलत होता.

ते उठले, चाचपत माझ्याजवळ आले, माझ्या हनुवटीखाली हात ठेवला आणि म्हणाले, वाजवा. मी वाजवलं. "खाली पाहून नाही राह्यले," ते आपल्याशीच बोलले. मग मोठ्यानं म्हणाले, "वाजवनारे मले लय भेटले, मास्तर. माह्यापाशी जागा शिकवनाऱ्याची आहे. जिनं तुमच्याकडून इतकं करून घेतलं, ती कोनालेही शिकवीन."

इतक्यात रशीदा मन्सूरच्या मागोमाग धावत आली. झालेला प्रकार कळल्यावर ती माझ्यावर रागावली. तिच्या परीक्षेला तिच्या आधी मी कायले बसलो, असं तिनं विचारलं, आणि मी जागेवरून उठलो. मग ती वाजवायला बसली. गुरुजींनी एकही टिंब पाडलं नाही. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की सूर कोणी लावले. मन्सूर पुढे होऊन म्हणाला, मी.

पण शाळेची एक कमिटी होती. एका अंध मुलीला वर्ग आवरेल का, अशी तिला शंका होती. गुरुजींनी कमिटीला काय सांगितलं देव जाणे, पण निरोप आला तो असा, की शिक्षिकेनं मुलाखतीस येताना आपला विद्यार्थी बरोबर आणावा. मी ठाम नकार दिला. एका सुशिक्षित, विवाहित, नोकरदार माणसाला नमुना म्हणून नागपूरला नेणं मला मान्य नव्हतं. मी नकार देत असताना वच्छला माझे कपडे घड्या घालून पिशवीत भरत होती.

कमिटीतल्या एका पारशी बाईंच्या दिवाणखान्यात पियानो होता. समोर चार गृहस्थ आणि त्या बाई, बाजूला हरिसिंग गुरुजी, दाराशी नासिरभाई टोपी हातात घेऊन. रशीदा माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते. ते मी पाहिले आणि त्यानंतर खाली पाहिलं नाही. मान सरळ केली आणि सुरुवात केली. डावा हात मागे राहिला. ताल एकदा सुटला, पुन्हा सापडला. मधल्या ओळीत मी शेजाऱ्याच्या घरात शिरलो आणि न थांबता परत आलो.

निम्मा धडा झाला तेव्हा एका गृहस्थांनी हात वर केला. ते म्हणाले, "पुरे, पुरे. आमची खात्री पटली. नेमणूक मंजूर."

माझी बोटं उचलली जाणार होती. शेजारून रशीदा हळूच म्हणाली, "थांबू नका, सर. धडा पुरा करा."

मी शेवटच्या सुरापर्यंत वाजवला, आणि कमिटीला तो सगळा बसून ऐकावा लागला.